पाहुण्याच्या हातात कुदळ

दिनांक १० जानेवारी १९५४, रविवार. जमलेली वर्गणी सत्तावीस रुपये सहा आणे. हजर माणसं पाच: अध्यक्ष म्हणून आमच्या गल्लीतले वकीलसाहेब, तालमीचे वस्ताद, कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक, उचगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे गुरुजी, आणि मी. श्रमदानाची ही बैठक राजारामपुरीत आमच्याच सोप्यात होती, म्हणून सहावी हजेरी माझ्या पत्नीची. ती दाराआड होती. तिचं नाव कोणी लिहिलं नाही, पण त्या दिवशी नक्की काय ठरलं हे पुढं कधी आठवेनासं झालं की तिलाच विचारावं लागे.

आता नवे पैसे आले आहेत. पण तो व्यवहार आण्यांतला, म्हणून आणेच ठेवतो.

गुरुजींचं म्हणणं असं होतं. वस्ती ओढ्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीवरची पोरं घरी बसत आणि शाळेत गुरुजी एकटे. वरच्या साहेबांनी बजावलं होतं, येत्या पावसाळ्यात हजेरी अशीच पडली तर शाळा बंद करू आणि तुम्हाला दुसरीकडं पाठवू. ओढ्यात दगडांची फरशी घातली, म्हणजे पाण्यातून पाय रोवून चालता येईल अशी वाट बांधली, आणि वस्तीपासून तिथवर कच्चा रस्ता केला की काम भागत होतं. दगड ओढ्यातच पडलेले होते. माणसं नव्हती, कारण वस्तीवरचा प्रत्येक हात शिमग्यापर्यंत उसात आणि गुऱ्हाळात गुंतलेला.

वकीलसाहेब उभे राहिले. बसून बोलणं त्यांना जमत नसे. "शहर आणि खेडं ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत," त्यांनी सुरुवात केली.

"चाकं ऱ्हाऊ द्या," वस्ताद म्हणाले, "हत्यारं न्यायला गाडी कुनाची, ते बोला."

"गाडी मी धाडतो की," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. भाषण पुढं चालू झालं. श्रमाची प्रतिष्ठा झाली, तरुणांचं कर्तव्य झालं, मग मी विचारलं, "कुदळी-फावडी उसनी आणणार असाल तर ती मोजून परत कोण करणार?"

सगळे माझ्याकडं वळले. हरवलेली म्हैस सापडल्यावर माणसं जशी बघतात तसे.

"झालं तर मग," वकीलसाहेब म्हणाले, "स्वयंसेवक-प्रमुख तुम्हीच."

मी एका गुळाच्या पेढीवर हिशेबनीस होतो. हाताखाली सहा माणसं. कोणाला उशीर झाला तर मी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत असे, आणि तेवढं पुरत असे. स्वयंसेवकासमोर घड्याळाकडं बघितलं तर तो म्हणतो, "उशीर झाला वाटतं. मग जातो." त्याचा पगार कापता येत नाही, त्याला बढतीचं आमिष नाही, त्याच्या बापाला चिठ्ठी लिहावी तर बापही स्वयंसेवक. अशा माणसांना कामाला कसं लावायचं हे मला कोणी सांगितलं नाही. वकीलसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "प्रेरणेनं."

घरी पत्नीला म्हणालो, "प्रेरणा म्हणजे काय करायचं?"

"पगारी माणसाला रागवता येतं," ती म्हणाली. "फुकटच्या माणसाला, जेवलास का, म्हणून विचारावं लागतं."

"जेवण खर्चात धरलेलं नाही."

"मग बघा बाई," ती म्हणाली. ती मला "बाई" म्हणाली की पुढं काहीतरी घडतं, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या रविवारी आम्ही एकोणीसजण सायकलींवरून निघालो. वस्तादांची तालमीतली पोरं सर्वांत जास्त. पेढीवरचे दोघं होते, कारण आलो नाही तर दिवाळीची रजा मिळणार नाही असा त्यांचा गैरसमज होता आणि मी तो काढला नव्हता. प्राध्यापक हातमोजे घालून आले होते. वकीलसाहेब टांग्यातून.

वस्तीच्या तोंडाशी पोचतो तर हलगी कडाडायला लागली. बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या. पुढं वस्तीचे पाटील, पांढराशुभ्र फेटा, हात पसरून.

"या पावणं, या! पाय धुवा आदुगर."

"पाटील, आम्ही कामाला आलोय."

"काम कुटं पळून जातंय? त्ये आमच्या आज्ज्यापासनं हितंच हाय."

पाय धुवून झाले. मग चहा. मग पाटील म्हणाले, ओढ्याकडं जाताना वाटेतच गुऱ्हाळ हाय, तोंड गोड करून जाऊ. गुऱ्हाळ वाटेत नव्हतं, उलट्या दिशेला होतं. तिथं उसाचा रस निघाला, काहिलीतला गरम गूळ पानावर आला, भाकरीवर काकवी आली. तालमीच्या पोरांनी रसाचे किती तांबे रिकामे केले ते मी काही वेळ मोजलं आणि मग माणुसकी म्हणून सोडून दिलं.

कसंबसं सगळ्यांना ओढ्यावर आणलं. उद्घाटनाची पहिली कुदळ वकीलसाहेबांची. त्यांनी दोन शब्द बोलून कुदळ डोक्यावर उचलली, आणि ती तिथंच राहिली. मागून पाटलांनी धरली होती.

"ह्ये काय करतासा? आमच्या दारात पावण्यानं माती खणायची? पावण्यारावळ्यांत आमचं नाक ऱ्हाईल का?"

वकीलसाहेबांनी कुदळ सोडली. इतक्या तत्परतेनं त्यांनी दुसरं काही सोडलेलं मी पाहिलेलं नाही.

मग वस्तीवरचे लोक एकेकाच्या हातातलं हत्यार काढून घेऊ लागले. पेढीवरच्या दोघांनी तर मागायच्या आधी दिली. तालमीतला एक दांडगा गडी फावडं सोडेना, तर दोन म्हाताऱ्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून झाडाखाली बसवलं आणि ओंजळभर शेंगा हातात दिल्या. शेंगा धरायच्या तर फावडं सोडावं लागतंच. प्राध्यापकांनी हातमोजे काढले आणि घडी करून खिशात ठेवले.

दुपारी पंगत. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण. प्राध्यापकांना चालत नाही हे कळताच त्यांच्या एकट्यासाठी पुरण शिजलं. संकोचानं त्यांनी सात पोळ्या खाल्ल्या. वाढायला पाटलीणबाई स्वतः होत्या. माझ्या ताटात एक मोठं नळीचं हाड टाकत त्या हळूच म्हणाल्या, "खावा. कालपत्तोर माझ्या मागनं फिरत हुतं. हाक मारली की यायचं."

मी हाड बाजूला ठेवलं. पाटील ओरडले, "अगं, पावण्यांना वाढ की! लाजत्यात ती."

जेवणानंतर माणसं आंब्याखाली आडवी झाली ती उन्हं कलली तेव्हाच उठली. मी एकटा टेप घेऊन ओढ्यावर गेलो. झालेलं काम: वीतभर खोल एक खड्डा, तोही पाटलांनी वकीलसाहेबांना कुदळ कशी धरतात ते दाखवताना मारलेला.

परतताना प्रत्येकाच्या सायकलीला गुळाचा एकेक खडा बांधून मिळाला. वकीलसाहेब टांग्यातून म्हणाले, "अभूतपूर्व प्रतिसाद!"

प्रतिसाद खरोखरच अभूतपूर्व होता. त्याच्या पुढच्या रविवारी चौतीसजण आले. शहरात सेवावृत्तीचा प्रसार इतक्या झपाट्यानं होतो हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या घरचं मडकं उचललं नव्हतं तेही पहाटे सायकलीला तेल घालून उभे. एकानं गूळ आणायला पिशवी बरोबर घेतली होती. आणि पुन्हा तेच: हलगी, पाय धुणं, रस, पंगत, आंबा. दुसरा बोकड.

संध्याकाळी गुरुजींनी मला शाळेमागं नेलं. बारीक अंगाचा, बोलताना टोपी काढून हातात फिरवणारा माणूस. टोपी फार जोरात फिरत होती.

"तुमचे उपकार आहेत," ते म्हणाले, "पण तुमचं श्रमदान आणखी चार रविवार चाललं तर वस्तीवर बोकड उरणार नाही."

"मग त्यांना सांगा की, करू नका म्हणून."

"मी सांगू? मीच तुम्हाला बोलावलं. माझ्या शब्दावर आलेल्या पावण्यांना पिठलं वाढलं तर माझंच नाक जायचं." टोपी थांबली. "आणि पावसाळ्याआधी फरशी झाली नाही तर मी जाणार. मी कुठंतरी शिकवीनच हो. या पोरांना पुन्हा गुरुजी येणार नाही."

घरी येताना मी नियम तयार केले. प्रत्येकानं आपली भाकरी बांधून आणायची. हलगी नाही. गूळ नाही. वस्तीवरचं पाणीसुद्धा विचारून. नियम गल्लीत सांगितल्यावर तिसऱ्या रविवारी आठजण आले. चौतिसांतल्या सव्वीस जणांच्या घरी त्या दिवशी अचानक पाहुणे आले होते.

आम्ही आठजण सरळ ओढ्यावर उतरलो आणि कामाला लागलो. वस्तीवरून कोणी आलं नाही. हलगी नाही, हाका नाहीत. दूर बांधावर पाटील उभे होते, पाठ करून. दुपारी आम्ही आपापल्या भाकरी सोडल्या तेव्हा गुरुजी निरोप घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पाटील म्हणतात, आमच्या हातचं चालत नसेल तर आमचा ओढाबी चालायचा न्हाय."

"अहो, पण आम्ही त्यांच्याच भल्यासाठी..."

"तेच मी बोललो. ते म्हणाले, भलं भिकाऱ्याचं करत्यात. आमी काय भिकारी हाय?"

वस्ताद फावडं टेकवून उभे होते. "खरं हाय," ते म्हणाले, "माझ्या दारात कुनी यिऊन माझ्याच अंगणात सोताची चटणी-भाकर खाल्ली तर मी त्येला लंगडी घालून चितपट करीन."

आम्ही हत्यारं गाडीत टाकली. गुरुजींनी काही मागितलं नाही, अडवलं नाही. फक्त म्हणाले, "पुस्तकं बांधायला हळूहळू सुरुवात करतो. पोती मिळतील ना पेढीवर?" मी हो म्हणालो. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही, आणि हत्यारं मोजली तर एक पहार कमी.

पुढच्या रविवारी सकाळी मी घरच्या परसात खड्डा खणत होतो. न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा हवा, असं पत्नी दिवाळीपासून म्हणत होती. तेव्हापासून तो मी खणत होतो आणि त्यात मांजर बसलं तर त्याचे कान वर दिसत. राजारामपुरीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त, आणि जमीन जिथं खणावं तिथं मुरूम.

फाटक वाजलं. पाटील! एका खांद्यावर गुळाची ढेप, दुसऱ्या खांद्यावर आमची पहार.

"गूळ इकायला आलतो बाजारात. तुमची ही ऱ्हाइली हुती. दुसऱ्याची वस्तू आमी ठेवत न्हाय." एवढं बोलून त्यांनी ढेप ओट्यावर ठेवली. राग होताच, पण मोकळ्या हातानं येणं त्यांना जमलं नव्हतं. मग त्यांची नजर माझ्या खड्ड्यावर गेली.

"ह्ये काय हाय?"

"शोषखड्डा."

"कुनासाठी, चिमणीसाठी?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी फेटा काढून खुंटीला लावला, धोतर खोचलं आणि पहार मुरमात घातली. एका घावात माझं महिन्याचं काम झालं. मी धावलो.

"अहो पाटील! काय करताय! पाहुण्यानं खणायचं? सोडा, सोडा ती!"

मी पहारेचं दुसरं टोक धरलं. त्यांनी ओढली. मीही ओढली. ते पैलवान गडी, मी हिशेबनीस. मी पहारेबरोबर खड्ड्यात जाऊन परत येत होतो, पण सोडत नव्हतो. शेजारच्या घरातली माणसं खिडकीत आली. मी ओरडत होतो, "लोक काय म्हणतील! आमच्या दारात येऊन पाहुण्यानं..."

पत्नी चहाचे दोन कप घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्यातला पाहुणा कोण ते एकदा ठरवा," ती म्हणाली. "चहा आधी कुणाला द्यायचा ते मला कळू दे."

पाटील थांबले. माझ्याकडं बघितलं, पहारेकडं बघितलं, आणि एकदम असे हसले की ओट्याखालची कोंबडी बाहेर पळाली.

"म्हंजे तुमालाबी लाज वाटती व्हय!"

"वाटते तर."

"मग आमी काय येगळं केलतं?"

मी पहार सोडली. आम्ही दोघं खड्ड्याच्या कडेला बसलो. चहा पत्नीनं दोघांना एकाच वेळी दिला, दोन हातांनी.

"खड्डा तर व्हायला पायजे न्हवं?" बशीतला चहा ओढत पाटील म्हणाले.

"पाहिजे."

"आन आमची फरशीबी व्हायला पायजे. मग पैरा करू की! आज मी तुमच्या रानात, उद्या तुमी माझ्या रानात. आमी नांगरटीला, मळणीला असंच करतोय. पैऱ्याला आलेला मानूस पावणा नसतोय. त्येला पाय धुवायला पानी न्हाय, हलगी न्हाय, बोकड तर न्हायच न्हाय. झुणका-भाकर द्यायची, कांदा द्यायचा, आन हळू केलं तर शिव्या द्यायच्या."

"शिव्या कोण देणार?"

"मी हाय की," पाटील म्हणाले.

इतकं सोपं होतं. नुसतं देणारा आला की घेणाऱ्याचं नाक खाली जातं, म्हणून तो बोकड कापून ते वर करतो. आम्ही त्यांच्याकडून काही घ्यायला तयार झालो की दोघांची नाकं सारख्या उंचीवर. हिशेबनीस असून जमा आणि नावे या दोन बाजू मला पहारेला लोंबकळल्यावर कळल्या.

पण एक अडचण उरली. पैरा करायचा तर फेडायला आमच्या गल्लीत तेवढं काम हवं. वस्तीवरची माणसं गुळाच्या गाड्या घेऊन बाजाराला येत आणि सौदे होईपर्यंत अर्धा दिवस मोकळी असत. तो वेळ ती आम्हाला द्यायला तयार. आणि आमच्या गल्लीत राहत होते वकील, प्राध्यापक, मास्तर आणि कारकून. यांच्या घरी दहा-दहा गडी लावायचं काम काय असणार? मी दारोदार फिरलो. माणसं काम टाळतात हे माहीत होतं, पण काम मागायला आलेल्या माणसालाही टाळतात हे नवीन कळलं.

प्राध्यापक म्हणाले, गुलाबासाठी एक छोटा वाफा हवा आहे. सहाजण गेले. प्राध्यापक घरात पुस्तक वाचत होते. बाहेर आले तर वाफ्यात एक गडी उभा आणि त्याचं फक्त मुंडासं दिसतंय. तिथं पुढं गल्लीचं खत साठू लागलं. वकीलसाहेबांकडं तर काहीच काम नव्हतं. कायद्याच्या पुस्तकांचं अवजड कपाट तेवढं त्यांनी चौघांकडून या भिंतीचं त्या भिंतीला हलवून घेतलं. पुढच्या बाजाराला त्या भिंतीचं या भिंतीला.

"ह्ये कसलं काम?" घाम पुसत पाटलांनी मला विचारलं.

"पैऱ्याचं."

"आसं व्हय." पाटील हसले. "चार गडी, दोन खेपा. म्हंजे वकील आठ खेपा आमच्याकडं."

वकीलसाहेब आठ खेपा आले. टांग्यातून उतरून, धोतर गुडघ्यावर खोचून ओढ्यात उभे राहिले. एकदा हातात दगड घेऊनच ते म्हणू लागले, "बंधूंनो, हा नुसता दगड नव्हे..."

"ओ अध्यक्ष!" पाटील काठावरून गरजले. "आदी दगूड ठिवा, मंग बोला! मागं लाईन थांबलीया!"

दगड ठेवल्यावर त्यांना बोलायचं काही उरलं नाही. चार खेपांनंतर ते बसूनही बोलायला शिकले.

शेवटी मोठं काम सापडलं. पावसात आमच्या गल्लीचं पाणी दारांसमोरच तुंबून राही. वस्तीवरच्या माणसांनी गल्लीच्या कडेनं लांब चर काढून दिला. बदल्यात आम्ही रविवारमागून रविवार ओढ्यावर. झुणका-भाकरीवर चौतिसांतले पंधरा टिकले, पण ते पंधरा शेवटपर्यंत. तालमीतल्या पोरांनी दगड उचलायच्या पैजा लावल्या. पेढीवरच्या दोघांपैकी एकाला पाटलांच्या शिव्या इतक्या आवडल्या की तो मुद्दाम हळू करू लागला. वैशाखात फरशी पूर्ण झाली.

जुलैत ओढा भरला आणि साहेब तपासणीला आले. ते वस्तीच्या बाजूनं आले आणि शाळा पलीकडं. फरशीवर घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पोरं चड्ड्या वर धरून केव्हाच पलीकडं गेली होती. साहेबांनी आपल्या बुटांकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं आणि काठावरच थांबले.

"गुरुजी, हजेरी घ्या!" ते इकडून ओरडले.

गुरुजी पलीकडून एकेक नाव पुकारू लागले आणि प्रत्येक पोर काठावर येऊन बेंबीच्या देठापासून "हजर!" ओरडू लागलं. एकानं तर जोशात दोनदा ओरडून पाहिलं. साहेब छत्रीखाली बोटं मोजत होते. माझ्या शेजारी उभे असलेले पाटील म्हणाले, "सायेब, मी न्हेऊ का पाठंगुळी?" साहेब घाईनं म्हणाले, "नको नको, दिसली हजेरी. ऐकूही आली." शाळा राहिली. गुरुजींनी टोपी हवेत उडवली ती ओढ्यात पडली, आणि शाळेतली निम्मी हजेरी तिच्यामागं धावली.

ही बातमी पसरली. पेठ वडगावहून दोन गृहस्थ आले. त्यांच्याकडं असंच काहीतरी काढायचं होतं आणि दोघांना स्वयंसेवक-प्रमुख केलेलं होतं. तोंडावरून कळत होतं. "माणसं आणायची कशी ते आम्हाला जमतं," ते म्हणाले, "पण आलेल्या माणसांचं करायचं काय?"

मी मुद्दे मांडायला घेतले. पत्नी आतून बाहेर आली. एव्हाना ती दाराआड राहत नसे.

"ज्यांच्या गावात जाल त्यांच्याकडून आधी काहीतरी मागून घ्या," ती म्हणाली. "हत्यारं संध्याकाळी मोजा. आणि आलेल्याला पुढच्या खेपेला नावानं हाक मारा. यांनी पहिले दोन रविवार सगळ्यांना 'अहो' म्हणूनच हाका मारल्या. चौतीसजण एकदम वळायचे."

गृहस्थांनी ते लिहून घेतलं. माझे मुद्दे तसेच राहिले.

आता खर्चाचं सांगून संपवतो. मोडलेल्या दांड्यांचे तीन रुपये दोन आणे, टोपल्यांचे तीन रुपये, आयोडीन आणि पट्ट्यांचा सव्वा रुपया. उरले वीस. ते वकीलसाहेबांना फलकासाठी हवे होते. मी म्हणालो, आधी पहिल्या दोन रविवारांच्या बोकडांचं बघू. दुसरा बोकड साऱ्या वस्तीनं मिळून घेतलेला, त्याचे पैसे कोणी ऐकूनही घेईना. पहिल्याचं पाटलांना विचारलं, तर ते पुन्हा फेटा काढायला लागले. मी विषय बदलला.

ते बैलं सोडायला गोठ्याकडं गेले तेव्हा पाटलीणबाई चुलीपासून उठून आल्या.

"बोकाड मालकांचं न्हवतंच," त्या म्हणाल्या. "माझं हुतं. मी वाढवल्यालं. मला कुनी इचारलं न्हाय, पावणं आलं आन कापलं. बावीस रुपयं."

"वीसच उरलेत."

त्यांनी थोडा विचार केला. "मग दोन रुपयांचा पैरा करा. एक दिस माझी शेरडं राखा."

दिले: वीस रुपये रोख आणि एक रविवार, पाटलीणबाईंना. शेरडं सात नेली, सात परत आणली. मोजून दिली.